पुढचा ब्रेक आणि तांदळाचं पोतं

आमचे हे काहीही खोलतात आणि परत जोडतात, पण जोडल्यावर एखादा स्क्रू हमखास उरतो. मिक्सर दुरुस्त केला तेव्हा दोन स्क्रू उरले, रेडिओच्या वेळी एक स्प्रिंग. "ते जास्तीचेच असतात," असं वर मलाच ऐकवतात. त्यामुळे मोटरसायकलचा पुढचा ब्रेक घरीच खोलणार म्हणाले, तेव्हा मी आधी नकोच म्हटलं. मागच्या सीटवर मीच बसायची ना!

तेव्हा माझी शाळा वरंधच्या वर, घाटातल्या एका वाडीत होती. सकाळी एस.टी. मिळायची, संध्याकाळची आली तर आली. म्हणून हे महाडमधलं आपलं वह्या-पुस्तकांचं दुकान बंद ठेवून मला न्यायला यायचे. डिस्क ब्रेकची मोटरसायकल घेतली होती, तिचा कोण तोरा! दोन पावसाळे काढल्यावर तोरा उतरला. एका संध्याकाळी घाट उतरताना वळणावर ब्रेक लागेचना, आणि आम्ही कठड्यापासून हातभरावर कसेबसे थांबलो. मी तिथंच उतरले आणि वरंधपर्यंत चालत आले. ब्रेक नीट होईपर्यंत ह्या गाडीवर बसणार नाही, असं सांगून टाकलं.

गॅरेजमध्ये द्या म्हटलं, तर गॅरेजवाला चांगले पार्ट काढून घेतो म्हणे. हे गॅरेजवाल्यावर संशय घेणार आणि मी ह्यांच्यावर, असा आमचा संसार. रविवारी पडवीत वर्तमानपत्र पसरून बसले. चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडणारा तो जबडा, कॅलिपर म्हणतात त्याला, तो खोलला. आतला पिस्टन गंजून अडकला होता. मुंबईहून मागवलेला नवा पिस्टन आणि रबरी रिंगा बसवल्या. मग नळीतली हवा काढायची म्हणून मला हँडलपाशी उभं केलं. "दाब. धरून ठेव. आता सोड." मी दाबत होते आणि माझ्या स्टीलच्या वाटीत बुडबुड्यांसकट ब्रेक ऑइल जमत होतं. ती वाटी मी पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही.

शेवटी ह्यांनी वर्तमानपत्र झटकलं. काहीच उरलं नव्हतं! एक वायसरसुद्धा नाही. मला जास्तच भीती वाटली. उरलेलं लपवलं असणार. मी शर्टाचे खिसे बघितले, दाढीचा डबा बघितला, तुळशीच्या कुंडीत बोट घालून पाहिलं.

"झाला ब्रेक," हे म्हणाले. "पण आठवडाभर तू एस.टी.नंच ये."

कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं.

दुसऱ्या दिवसापासून हे भल्या सकाळी गाडी घेऊन बाहेर पडायला लागले. विचारलं की, "जरा फिरून येतो." त्यातच कापडे गावाहून आलेल्या तांदळाच्या पोत्याची सुतळी मला निराळी दिसली. पडवीत दाणे सांडलेले. पाट्यावरचा वरवंटाही नाहीसा झाला होता, पण तो शेजारणीनं नेला असणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. तिसऱ्या दिवशी खिडकीतून बघितलं, तर पोतं मागच्या सीटवर बांधून स्वारी निघाली होती. संध्याकाळी पोतं परत जागेवर. म्हणजे थोडं थोडं काढून कुणाला तरी पोचवत होते. बिरवाडीला ह्यांची एक लांबची आतेबहीण राहायची. मला ती लग्नातच आवडली नव्हती. तीन दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर चालत वरंधला येऊन एस.टी.ची वाट बघत होते. चहाच्या टपरीवरची बाई हसायला लागली.

"बाई, तुमच्या मालकांना काय झालंय काय? रोज सकाळी तांदळाचं पोतं घेऊन घाटात वर जातात नि परत खाली येतात. कोणाला देत नाय, उतरवत नाय. त्या कठड्याच्या वळणावर येऊन गचकन थांबतात म्हणे. परत वर जातात, परत थांबतात. नवस हाय काय?"

घरी येऊन मी पोत्याची सुतळी सोडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वरवंटा हाताला लागला.

हे दारात उभे होते, चोरी पकडल्यासारखे. "तुझ्याइतकं वजन भरायला नको का?" म्हणाले. "नुसता तांदूळ कमी पडत होता."

मला आधी रागच आला. माझं वजन शेजारणीला सांगितल्यासारखं वाटलं. मग हसू आलं.

सोमवारी मी गाडीवर बसले. कठड्याच्या वळणावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी वाकून खाली बघितलं. दरी तिथं चांगलीच खोल आहे. त्या आठवड्यात एखाद्या सकाळी हा ब्रेक लागला नसता, तर ह्यांच्याबरोबर तांदूळही खाली सांडलेला सापडला असता. आणि मी जन्मभर हेच म्हणत बसले असते, की ते पोतं बिरवाडीला चाललं होतं.