नव्या बुबुळाची राखण

नाथाजीचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती. उलट अभिमानच होता. विट्याजवळच्या वाडीतला हा गडी मिसरूड फुटायच्या आधी तमिळनाडूत सेलमला गेला, मामाच्या गलाईच्या दुकानात भट्टीपाशी बसला आणि पुढं त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, ॲसिड घालून त्यातली भेसळ काढायची आणि चोख करून सोनाराच्या हातावर ठेवायचं, असा हा धंदा. यात दुकानाचा केरसुद्धा कुणी टाकत नाही, कारण केरात सोन्याचा कण असतो. हात धुतलेलं पाणीही साठवून ठेवतात. गडी घरी निघाला की त्याचे कपडे झटकून घेतात, मग तो सख्खा पुतण्या का असेना. असल्या जागी जन्म काढल्यावर नाथाजीला माणसाच्या हाताकडं बघायची सवय लागली. तोंड काय, कुणीही गोड करतं.

ॲसिडचं भांडं उतरवताना उसळी आली ती एका धावपळीच्या दिवशी, आणि थेट उजव्या डोळ्यात. डावा डोळा लहानपणीच गोवरानं अधू केलेला, त्याला उजेड-अंधार आणि माणसाची सावली तेवढी कळायची. म्हणजे कामाचा डोळा होता तोच गेला. बुबुळ उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं पडलं. वर्षभर डोळा शांत व्हायची वाट बघून मग मिरजेच्या एका दवाखान्यात त्याला दुसऱ्याचं बुबुळ बसवलं. दुसऱ्याचं म्हणजे मेलेल्या माणसाचं, हे सांगायला नकोच.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "बुबुळ परक्याचं आहे, नाथाजी. तुमचं शरीर ते कधीही नाकारू शकतं. तसं होऊ नये म्हणून हे थेंब. महिनोन्‌महिने घालायचेत, आणि चुकवायचे नाहीत. हे बुबुळ गेलं तर पुन्हा जमेल याची खात्री मी देणार नाही."

बनुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या ताणातही राहवलं नाही. "आवं, अंगबी तुमच्यावरच गेलंय. कुणाला आत घ्यायला तयार न्हाई!"

डॉक्टरबाई हसल्या. नाथाजी हसला नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं. डोळा टिकला तर सेलमचं दुकान, नाही टिकला तर मारुतीच्या देवळाचा कट्टा आणि जन्मभर दुसऱ्याचा हात धरून परसाकडं जाणं.

सेलमचं दुकान सध्या पोरगा यशराज बघत होता. सून सृष्टी मागं वाडीत राहिली, कारण बनुबाईचा हात कापायचा आणि थेंब घालायला कुणीतरी हवंच होतं. पोरगी पलूसची, शिकलेली, बोलायला चुरचुरीत. दिवसातून चार-पाच वेळा ती साबणानं हात धुऊन यायची, सासऱ्याला खुर्चीत बसवायची, काळा चष्मा काढायची आणि खालची पापणी ओढून थेंब सोडायची.

पहिले दिवस वाईटच गेले. टाके आत वाळू भरल्यासारखे टोचायचे. दारातून ऊन आलं की डोळ्यातून पाणी धो-धो. वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोक्यावरनं आंघोळ नाही. कामाचा गडी खुर्चीत बसला की त्याच्या डोक्याला काम लागतं, आणि नाथाजीच्या डोक्याला एकच काम येत होतं.

आधी त्यानं मेलेल्या माणसावर संशय घेतला. बनुबाईला विचारायचा, "कुणाचं आसंल गं हे? चांगल्या माणसाचं आसंल न्हवं? का कुणा लबाडाचं?"

शेजारचा नानासो म्हणजे त्याचा बालपणीचा सोबती, आणि आगलावाही. तो रोज सकाळी चहाला यायचा. "लबाडाचं आसलं तर चांगलंच की गड्या, तुझ्यात लगीच रुळंल," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर मांडी थोपटून हसला. मग जाता जाता काडी टाकून गेला. "पर काय रं, यशराजचं बस्तान चांगलं बसलंय म्हनं सेलमला. गिऱ्हाईक वाढलंय. आता तू बरा झालास तरी तुला कोन बसू देतंय त्या गादीवर?"

झालं. नानासो चहा पिऊन गेला आणि ते वाक्य नाथाजीच्या डोक्यात राहिलं.

दुपारी सृष्टी थेंब घालायला आली. हात धुतले, पापणीला बोट लावलं आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "मामा, सोनं पुरतं वितळलं हे बघून कसं कळतं हो? रंग बदलतो का?"

नाथाजी बोलायला लागला आणि मध्येच थबकला. थेंब तोवर पडून गेला होता. पण मनात काहीतरी खटकलं. हिला कशाला पाहिजे सोन्याचा रंग? कालही हिनं असंच विचारलं होतं, ॲसिड किती आणि पाणी किती. परवा विचारलं, जुन्या दागिन्यातलं डाग लावलेलं, म्हणजे भेसळीनं सांधलेलं, सोनं हातात घेऊन ओळखता येतं का. रोज एक प्रश्न. आणि रोज आपण येड्यासारखं सांगत सुटतो! ज्या गोष्टी शिकायला आपण मामाच्या शिव्या खाल्ल्या, भट्टीपाशी कातडी भाजून घेतली, त्या ही पोरगी फुकटात काढून घेतीया आणि संध्याकाळी फोनवर नवऱ्याला सांगतीया. बापाच्या डोक्यातला धंदा एकदा पोराच्या डोक्यात गेला की बापाचं काय काम?

संशय एकदा आला की त्याला खायला लागतं, आणि माणूस ते शोधून आणतो. नाथाजीच्या ध्यानात आलं की औषधाची बाटली फार लवकर संपते. एका डोळ्याला एवढं औषध? मग त्याला सुनेचा पदर ओला दिसला, म्हणजे ओला लागला, कारण ती चष्मा देताना तो त्याच्या हाताला घासला. औषध कुठं जातंय? त्यानं सेलमहून आणलेल्या पिशवीतून छोटा वजनकाटा काढला. सोन्याचा कण तोलणारा काटा तो. बनुबाई स्वयंपाकघरात गेली की बाटली काट्यावर ठेवायची, चाचपून आकड्यावर डोळा चिकटवायचा, नव्या बुबुळातून धूसर दिसेल तेवढं वाचायचं आणि मनात धरून ठेवायचं. दोन दिवसांत त्याचा हिशेब पक्का झाला. थेंबाला लागावं त्याच्या तिप्पट औषध जात होतं.

"ही औषध सांडतीया," त्यानं बायकोला सांगितलं.

"सांडंल की थोडंफार. डोळा हाय, लोटा हाय का?"

"थोडंफार न्हवं. मुद्दाम. मी आंधळा ऱ्हायलो तर कुनाचं फावतंय, सांग बघू."

बनुबाईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिनं कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. ती संतापली. "जिभंला हाड हाय का तुमच्या? त्या पोरीनं नवरा तिकडं टाकून हितं ऱ्हायचं आन्‌ तुमी तिचं वजन करायचं?"

ही बोलाचाली सृष्टीनं ओसरीवरून ऐकली. नाथाजीला तेही कळलं, कारण भांडी घासायचा आवाज थांबला होता. पण शब्द परत घ्यायचा म्हणजे चूक कबूल करायची, आणि ते त्याच्या बापजन्मी जमलेलं नव्हतं. दुपारी ती हात धुऊन आली तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बाटली हितं ठेव. माझं मी घालतो."

"मामा, तुम्हाला नाही जमायचं."

"मुशीतनं सोनं वतताना कण सांडला न्हाई ह्या हातानं. थेंब घालायला जमत न्हाई व्हय?"

तिनं बाटली त्याच्या हातात दिली आणि निघून गेली. तो जिंकला होता. त्याला ते फार बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

पुढं नाथाजी वेळ झाली की खुर्चीत बसून मान मागं टाकायचा, बाटली डोळ्यावर धरायचा आणि एकच थेंब सोडायचा. एकच. दुसऱ्याची गरज काय? गार लागलं की पडला. आणि गंमत बघा, बाटलीचं वजन कसं जागच्या जागी राहिलं. जी आधी लवकर संपायची ती आता संपेना. काट्यावरचा आकडा बघून त्याची छाती फुगायची. नानासोला त्यानं तो काटा मुद्दाम दाखवला.

"बेस!" नानासो म्हणाला. "चोर पकडलास की."

पण डोळा लाल व्हायला लागला. आधी कोपऱ्यात, मग सगळीकडं. ऊन पहिल्यासारखंच सोसेना. नाथाजीनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर डोळा आपल्या हातून बिघडला असं होईल. त्यानं स्वतःलाच समजावलं की आधी जे काय झालं असेल त्याचाच हा परिणाम. सुनेनं आधीच काम करून ठेवलंय. काळा चष्मा तो घरातही काढेना.

मग एका सकाळी बनुबाईनं चहाचा कप पुढं केला तेव्हा त्याला तिचं तोंड दिसलं नाही. वाफेआडून दिसावं तसं काहीतरी गोल दिसलं. आदल्या आठवड्यात याच डोळ्यानं त्याला तिच्या नाकातली चमकी दिसली होती, आणि त्या दिवशी त्यानं चमकीची थट्टाही केली होती. त्यानं चष्मा काढला, डोळा चोळायला हात नेला आणि मग हात तसाच खाली घेतला. "बनु," तो म्हणाला, "मला दिसंना झालंय गं." आवाज असा फुटला की बनुबाईच्या हातातला कप कलंडला.

मिरजेला सृष्टीच त्याला घेऊन गेली. बनुबाईला एसटी लागते, यशराज सेलमला, आणि नानासोचा नेमका त्या दिवशी गुडघा दुखत होता. वाटेत दोघं एकाच बाकड्यावर बसली होती. ती चढताना-उतरताना त्याचा हात धरायची, आणि बसल्या जागी सोडून द्यायची.

डॉक्टरबाईंनी डोळा तपासला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "शरीर बुबुळ नाकारायला लागलंय. थेंब बंद केले होते?"

"न्हाई बाई. एकबी चुकवला न्हाई. माझ्या हातानं घातलं. वजन करून."

"वजन करून?" त्यांना कळेना. त्यांनी बाटली त्याच्या हातात दिली. "माझ्यासमोर घालून दाखवा."

नाथाजीनं मान मागं टाकली. हात अजिबात हलला नाही, हे खरं. बाटली बरोबर डोळ्यावर आली. आणि बाटलीच्या तोंडाशी थेंब फुगला तशी त्याची पापणी गच्च मिटली. इतकी गच्च की गाल वर ओढला गेला. थेंब पापणीवर पडला आणि कानाकडं वाहून गेला.

"पडला," नाथाजी म्हणाला. "गार लागलं."

"पापणीला लागलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत काही गेलं नाही. पुन्हा घाला."

त्यानं पुन्हा घातला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घामच फुटला त्याला. वरून थेंब येताना दिसला की त्याला सेलमचं ते भांडं दिसायचं, ती उसळी दिसायची, आणि पापणी त्याचं ऐकायची नाही. हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. इतके महिने तो सगळ्यांना सांगत आला होता की मी कशाला भितो!

"आधी कोण घालायचं?"

"मी," सृष्टी म्हणाली.

"घाला बघू."

ती पुढं आली. हात धुतले. पापणीला बोट लावलं. ती त्याच्याशी बोलायला खुशीत नव्हतीच, कोरड्या आवाजात नुसतं सवयीनं विचारल्यासारखं म्हणाली, "मामा, चांदी आणि सोनं एकत्र वितळलं तर वेगळं कसं करता?"

"त्येला आधी ॲसिडात..." नाथाजी म्हणाला, आणि त्या एका वाक्यापुरती पापणी ढिली पडली. थेंबातलं थोडं डोळ्यात गेलं. दोनदा तिनं पुसून घेतलं, दोनदा पुन्हा विचारलं, तेव्हा कुठं नीट एक थेंब आत राहिला. बाकीचं गालावरून वाहिलं, ते तिनं पदरानं टिपलं.

डॉक्टरबाई तिच्याकडं बघून मान हलवत राहिल्या. मग त्यांनी नवं औषध लिहून दिलं, तासातासाला घालायला सांगितलं. "वेळ अजून गेलेली नाही. पण वाचेल असंही आज सांगत नाही. दोन दिवस इथंच राहा."

बाहेर व्हरांड्यात बाकावर दोघं बसली. नाथाजीला तोंड वर करवेना. खाली बघतच तो म्हणाला, "सृष्टी, मी तुझ्यावर लय वंगाळ संशय घेतला."

"माहीत आहे मला."

"त्या दिवशी ओसरीवर ऐकलंस."

"त्याच्या आधीपासून माहीत होतं. तुम्ही बाटली काट्यावर ठेवताना मी दोनदा बघितलं."

"आन्‌ तरीबी घालत ऱ्हायलीस? बोलली न्हाईस? माझ्यासारक्या मानसासाठी कशापायी पोरी?"

सृष्टीनं बाटली हलवली, झाकण काढलं. रागानं नव्हे, पण सरळ बोलली. "तुमच्यासाठी नव्हे, मामा. खरं सांगते, मला तुमचा राग यायचा. पण कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं, घरात रडारड चालू असताना त्या लोकांनी डोळे काढून घ्या म्हणून सांगितलं. तुम्ही कोण, चांगले का वाईट, त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांच्याकडं बघून घालत होते मी. तास झाला, डोळा उघडा."

नाथाजीनं मान मागं टाकली. या वेळी तिनं काहीच विचारलं नाही, नुसतं पापणीला बोट लावलं. बाटलीच्या तोंडाशी थेंब फुगलेला त्याला दिसला. त्यानं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. पापणी थरथरली, पण त्यानं ती मिटू दिली नाही.