अख्तरीच्या पाऊचचं अस्तर

चिमुरात माह्या घराच्या भिंतीले भिंत लावून अख्तरी राहते. तिचा नवरा गफ्फारभाऊ टेलर. त्याच्या दुकानातल्या चिंध्यांचे ही घरी बसून पाऊच शिवते. ना टेप लावत, ना खडूनं रेघ मारत. बोटानं दुमड घालते, दातानं दोरा तोडते, झालं! मोबाइलले पाऊच, चष्म्याले पाऊच. मोहल्ल्यात ज्या बाईले पाहा तिच्याजवळ अख्तरीचा पाऊच. मी मांगितला नाई. जळतो मी तिच्यावर, त्यात काय लपवाचं?

पण आता तं हद्दच झाली. माही एकुलती एक मंजुषा गडचिरोलीले नर्सिंगले चालली, आन जाऊन अख्तरीलेच म्हणते, "चाची, मले एक पाऊच शिवून दे." अवं, माय मेली होती का घरी? अंगाची नुसती लाही लाही झाली. म्हटलं, मीच शिवतो. पोरगी माही हाये, माहाच पाऊच घेऊन जाईन.

मंजू झाली तवा माहेरून आलेलं एक हिरवं पातळ होतं माह्याजवळ. विरलेलं, पण लोण्यासारखं नरम. पेटी उलटी केली, सापडलं नाई. मंजूले विचारलं तं म्हणे, "मले काय माईत?" मंग तिच्या बापाचा जुना पॅन्ट कापला, तिच्या शाळेच्या दप्तराची चेन उसवली आन बसली शिवत. धानाची बोरी भरून शिवणारा हात माहा. टाका असा गच्च का बैलानं ओढला तरी सुटणार नाई. पण बोरी म्हटली का तोंड बंद कराचं, तेवढंच या हाताले माईत. चेन बंद करूनच कापड उलटं ठेवलं आन बाजू शिवून टाकल्या. सुलटं कराले गेली तं चेनीची कडी आत अडकलेली!

घरधनी, गुणवंतराव, हासू हासू म्हणते, "पोरगी यात ठेवीन काय, हवा?"

तरी तो मुका पाऊच पदरात लपवून स्टँडवर नेला. मंजू गाडीत बसली आन खिडकीत अख्तरीचा पाऊच उघडला. वरून लाल, आतून हिरवा. माहं पातळ!

"मंजे, हे कुठून आलं?"

"आई, चिडू नको. तू कापू देलं नसतं," म्हणे. तेवढ्यात गाडी निघाली.

मी तशीच तणतणत अख्तरीच्या दारात गेली. "चोरीचं कापड लावतं काऊन वं? माह्या पातळाले कैची लावाची हिंमत कशी झाली तुही?"

तिनं हातातली सुई खाली ठेवली. "मंजूच घेऊन आली, बाई. म्हणे, अंदरून आईचंच लाव चाची, तिथी करमलं नाई तं हात घालून बसीन." मंग खाली पाहून म्हणे, "सच सांगू? शिवून राह्यली होती ना, तवा लय जलन झाली मले तुही. माही पोरगी निशात ऊर्जानगरले सासरी गेली, इतके पाऊच शिवून देले मी तिले. सगळे इथीच सोडून गेली."

तिचे डोळे भरून आले होते. मले लाज वाटाले पाहिजे होती. पण नाई वाटली. इतकं बरं वाटलं का काय सांगू! अख्तरी, आन माह्यावर जळते!

पदरातून माहा पाऊच काढून तिच्यासमोर ठेवला. ती हासली नाई. एका बाजूचे टाके उसवले, चेन उघडली, ती बाजू पुन्हा शिवली आन पाऊच सुलटा केला.

"टाका मजबूत हाये, बाई," म्हणे. "मी ठेवू का हा?"

अख्तरीनं माह्याजवळ काही मांगावं, असं पह्यल्यांदाच झालं. पण माह्यानं देववलं नाई.

"दिवाळीले मंजू येईन," म्हटलं. "तिचा हाये तो."

"हो, तिचाच हाये," ती म्हणाली, आन चेन लावून माह्या हातात देला.