रिकामी परतणारी बस

आमच्या कंपनीला दरवर्षी गावाचा कळवळा येतो, तो दप्तरांच्या रूपाने. लोधिवलीजवळच्या या कारखान्यात मी पॅकिंगला आहे. माझ्या अकरावीतल्या लेकीकडे दप्तरांना तोटा नाही. अडचण होती ती कर्जतच्या कॉलेजात वेळेवर पोचण्याची. सकाळी सोयीची एसटी नाही, रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. रोज पहिला तास बुडायचा. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नवरा म्हणायला लागला, "नाय जमत तर राहू दे गं, घरी बसंल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यातच साहेबांनी आम्हा कामगारांची बैठक घेतली. सामाजिक जबाबदारी, शाश्वत विकास, पडद्यावर हिरवीगार चित्रं. मी विचारलं, शाश्वत म्हणजे काय? साहेब तसे भले. म्हणाले, "जे आहे ते वाया जाऊ न देता सगळ्यांच्या कामी आणायचं."

"मग साहेब, सकाळची बस आमाला हितं उतरवून कर्जतला रिकामी जाते. आमच्याच गावावरनं. डिझेल तर जळतंच. कॉलेजच्या पोरींना घेतलं तर काय बिघडलं?"

साहेब विम्याचं काहीतरी बोलले. बाहेरच्यांना बसवता येत नाही म्हणाले.

"बाहेरच्या कशा? दप्तरं देताना तर आपल्या व्हत्या!"

बोलून बसले आणि मग मनात आलं, नोकरी गेली तर?

त्यानंतर साहेब दिसले की मी वाट बदलायची. शेवटी त्यांनीच गाठलं. विम्याचं जमवलंय, पोरींना उद्यापासून उभं राहायला सांगा, म्हणाले. आभार मानायचंसुद्धा मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला सोडून बस मागे फिरली. माझं कामात लक्ष कुठलं! ड्रायव्हर थांबला असेल ना? आमची धांदरट लेक रस्त्यावर वेळेत आली असेल ना? राहवेना, तेव्हा बाथरूमचं निमित्त काढून फोन लावला.

ती कुजबुजली, "आई, वर्गात हाय मी! सर आले, ठेव."

आणि तिनेच फोन कापला. पहिल्या तासाला बसलेल्या माझ्या लेकीला माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच भिंतीला टेकून मी मनसोक्त रडले.