फ्लेक्सवरची डॉक्टरीण

संजीवनीच्या गावात युक्रेनचा अर्थ एकच: डॉक्टर. कोणी तिकडे विमान चालवायला शिकून आला असता, तरी लोकांनी त्याच्यापुढे आ करून जीभ दाखवली असती. नांदुऱ्याजवळच्या या गावात ही पोरगी युक्रेनी भाषेचं व्याकरण शिकते आहे, हे ती सांगायची तेव्हा लोक हसायचे. डॉक्टरीण आहे पण मिरवत नाही, असं उलट कौतुक व्हायचं. तिने एखाद्याला "तालुक्याले दाखवा" म्हटलं, तर तो म्हणे, बाहेरदेशी शिकलेले उगाच गोळ्या देत नाहीत.

गेली होती ती डॉक्टर व्हायलाच. ती निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, चौकात भला मोठा फ्लेक्स लावला होता. नांदुऱ्यात फ्लेक्सचं दुकान असलेल्या जहांगीरभाईंनी तो दोस्तीखात्यात छापला. संजीवनीचा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या दोन रांगा आणि मधोमध 'डॉ. संजीवनी'. 'भावी' हा शब्द जागा पुरली नाही म्हणून गाळला होता.

तिकडे पहिलं वर्ष भाषेचं होतं. रोग्याशी बोलता यावं एवढीच अपेक्षा. पण शिकवायला ओक्साना पेत्रिव्ना नावाच्या बाई होत्या आणि त्यांना एवढ्यातेवढ्यावर भागवणं जमत नसे. नाम, सर्वनाम, क्रियापद, अव्यय. एकेक शब्दजात त्या अशा उलगडून दाखवत, की वर्गातली बाकीची पोरं जांभया देत असताना संजीवनी खुर्चीच्या टोकावर येऊन बसायची. पुढे युद्ध पेटलं. पळापळीत सीमेवरच्या रांगेत आपल्याकडच्या पोरांचं म्हणणं तिथल्या शिपायांना आणि शिपायांचं पोरांना तीच समजावत होती. एका म्हातारीने तिच्या तोंडून आपली भाषा ऐकली आणि स्वतःच्या पिशवीतला पाव काढून दिला. घरी पोचली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. डॉक्टरी सोडायची, भाषा शिकायची. त्याच विद्यापीठाने ऑनलाइन प्रवेश दिला.

अर्जुनराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला नंतर वाटत राहिलं. ते एवढंच म्हणाले, "शिक तुले जे शिकाचं ते. पण गावात मी आत्ता काही बोलत नाई." हे 'आत्ता' चार वर्षं चाललं. चौकात कोणी विचारलं, की ते म्हणत, "चालू आहे तिची डॉक्टरी." फ्लेक्स उतरवून सोयाबीनच्या गंजीवर टाकला होता, पावसापाण्यात 'डॉ. संजीवनी' तिथून शेताकडे बघत पडून असायची. गावाने हसावं, त्याचं तिला काही नव्हतं. पण आपण काय शिकतो हे सांगायला बापाला लाज वाटते, हे तिला फार लागत होतं.

शेवटच्या तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. याआधी परीक्षा दोनदा पुढे ढकलली गेली होती, दोन्ही वेळा तिकडे हल्ल्याचा भोंगा वाजला म्हणून. तिसऱ्यांदा ओक्साना पेत्रिव्ना अंगावर कोट घालून, तळघरातून पडद्यावर आल्या. इकडे आई, अन्नपूर्णाबाई, कुकरसुद्धा लावायला तयार नव्हती. अर्जुनराव दाराबाहेर ओट्यावर पहाऱ्याला बसले होते.

बाईंनी विचारलं, संख्यावाचक शब्दाला युक्रेनीत स्वतंत्र शब्दजात का मानायचं? संजीवनीला हायसं वाटलं. ती सांगू लागली की आमच्या मराठीत संख्या विशेषणाच्या ओसरीवर राहते, तुमच्याकडे तिचं स्वतःचं घर आहे, कारण ती शेजारच्या नामावर हुकूम चालवते. दोन गायी म्हणजे 'द्वी कोरोवी'. पाच झाल्या की 'प्यात कोरीव', म्हणजे गाय थेट षष्ठीत जाऊन उभी राहते. बाई मान डोलावत होत्या. तेवढ्यात ओट्यावर गलका झाला.

शेजारच्या गोजरबाई नवऱ्याला धरून आणत होत्या. कडबा उचलताना भगवानरावांच्या हाताला लाल विंचू डसला होता. माणूस घामाने निथळत होता.

"डॉक्टरीणबाईले हाक मारा, भाऊ," गोजरबाई म्हणाल्या. "लवकर."

आत संजीवनी बोलता बोलता थांबली. नेहमीचं काहीतरी सांगून बाबा वेळ घालवतील, त्यात भगवानरावांचं काही बरंवाईट होईल. ती उठणार, एवढ्यात बाहेरून अर्जुनरावांचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"माही पोरगी डॉक्टर नाई, वहिनी. मी खोटं सांगत होतो. थे युक्रेनची भाषा शिकून राह्यली, व्याकरण. आज तिची परीक्षा आहे. तुम्ही गाडीवर बसा, दवाखान्यात जा लागते."

गोजरबाईंचा आवाज आला, "मंग इतके दिवस आम्ही तिले जीभ काऊन दाखवून राह्यलो?"

मोटरसायकल सुरू झाली. पुढे अर्जुनराव, मधे भगवानराव, त्यांना मागून घट्ट धरून गोजरबाई. आवाज लांब गेला तसे संजीवनीचे डोळे भरून आले. तिकडे ओक्साना पेत्रिव्ना घाबरल्या. त्यांच्याकडे आवाज झाला की काय काय होतं, हे त्यांनाच माहीत. त्यांनी विचारलं, काय झालं? तिने डोळे पुसले आणि शुद्ध युक्रेनीत सांगितलं, "काही नाही. मी काय शिकते, ते माझे वडील शेजाऱ्यांना सांगत होते." बाई हसल्या आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

अर्जुनराव संध्याकाळी परतले. भगवानरावांना रात्रभर ठेवून घेतलं होतं, पण धोका टळला होता. हातपाय धुऊन ते बाजेवर बसले.

"झाली पास?"

"हाव. उत्तम शेरा दिला."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून फोन काढून नंबर लावला. "जहांगीरभाई, एक फ्लेक्स करा लागते. तोच फोटो. नाई, डॉक्टर नाई." त्यांनी फोनवर हात ठेवला. "संजू, काय लिहा लागते?"

"युक्रेनी भाषा आणि व्याकरणातील पदवीधर," ती म्हणाली.

त्यांनी ते शब्द एकेक करून फोनमध्ये सांगितले. पलीकडून जहांगीरभाईंची काहीतरी कुरकूर ऐकू आली.

"जागा नाई पुरत तं शुभेच्छुक कमी करा," अर्जुनराव म्हणाले. "यातला एक शब्द गाळू नका."