अर्धं जातं विमानानं

पनवेलीतला पहिला नेहमीचा विमानप्रवासी मी. हे मीच सगळ्यांना सांगितलेलं असल्यामुळे ते खोटं ठरवायला कोणी पुढे आलं नाही.

भाताच्या गिरण्यांची यंत्रं विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीत मी नोकरीला होतो. घाटावरच्या एका लहान शहरात आमची बरीच गिऱ्हाइकं होती, म्हणून महिन्यातून एकदोनदा कंपनी मला तिकडे विमानानं पाठवी. (शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी मला जावयासारखं वागवलंय, आणि पुढे जी काही शोभा झाली ती माझी एकट्याची आहे.) आमचं घराणं मिठागरातलं. वडिलांनी जन्मभर मीठ ओढलं आणि मला शिकवलं. त्यामुळे विमानातून उतरलो की तिकिटाचा तुकडा शर्टाच्या खिशातून काढायला मी चांगला आठवडाभर विसरत असे. मासळीबाजारातसुद्धा तो खिशातून डोकावत असायचा.

"तुजा इमान आपल्या मिठागरात नाय का उतरत?" आई विचारायची. "मंग सांताक्रूझपासून यष्टीचे धक्के खायला नकोत."

"आई, चिखलात कधी विमानतळ होतो का?" मी मोठ्यानं हसायचो. त्या हसण्याबद्दल आता न बोललेलं बरं.

त्या लहान शहराचा विमानतळ म्हणजे पत्र्याची एक खोली, एक कडुनिंब, त्याखाली एक बाक आणि मास्तर. मास्तर म्हणजे तिथले अधिकारी, पण तिकिटं तेच तपासायचे, सामान तेच मोजायचे, निशाण तेच दाखवायचे आणि धावपट्टीवरच्या म्हशीही तेच हाकलायचे. बाकावर आम्ही नेहमीचे तिघं. मुंबईच्या कोर्टात खटले चालवणारे एक वकीलसाहेब, तंबाखूचे एक दणदणीत शेठ आणि मी. विमान यायला उशीर हा ठरलेलाच, त्यामुळे या विमानतळाची सोय जास्त की गैरसोय, हा आमचा वाद कायमचा चालू असे.

"पंखा नाही, चहा नाही, पाणी मागावं तर मडकं फुटलेलं," शेठ सुरू करायचे. "आठवड्यातून तीन विमानं, त्यातलं एक येतच नाही. याला काय विमानतळ म्हणायचं?"

"अहो, पण मागच्या महिन्यात माझा चष्मा घरी राहिला, तर मास्तरांनी विमान थांबवलं," वकीलसाहेब म्हणायचे. "सांताक्रूझला थांबवतील?"

"त्या चष्म्यापायी आम्ही इथं उन्हात वाळलो, ते नाही सांगत."

मी दोघांनाही मान डोलवायचो. नेहमीच्या प्रवाशानं असं थोडं वर राहावं, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी आमच्या शालूचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील जाऊन वर्ष व्हायचं होतं, म्हणून वर्षाच्या आतच लग्न उरकायचं ठरलं. आईचं एकच मागणं होतं. आमच्या घराण्यात एक लहानसं जातं आहे. घरातल्या प्रत्येक पोरीची हळद त्याच जात्यावर दळायची, आणि पहिली मूठ आत्यानं टाकायची. लग्न ज्या घरी, त्या घरी ते जातं जायचं. शेवटचं लग्न सरूआत्याच्या पोरीचं, म्हणून जातं तेव्हापासून तिच्याकडेच होतं, आणि सरूआत्या राहायची नेमकी त्याच घाटावरच्या शहरात. तिचे यजमान तिथं मिठाच्या गोदामावर होते. वडील जायच्या आधी आजारपणात एकदा म्हणाले होते, "शालूची हळद आपल्या जात्यावरच होऊ द्या." मागितलं ते एवढंच.

"दिनू, महिनाभर आधीच जाऊन घेऊन ये. यष्टीनं आन," आई म्हणाली.

"यष्टीनं कशाला? हळदीच्या दिवशी सकाळी मी तिकडून विमानानं येणारच आहे. आत्या आणि जातं, दोन्ही सोबत. तू दुपारी हळद निवडेपर्यंत आम्ही दारात."

"इमानात जातं घेतात?"

"मी सांगितलं तर घेतात," मी म्हणालो. हे वाक्य आई पुढे वीस वर्षं मला ऐकवत होती.

हळदीच्या दिवशी सकाळी आत्या आणि मी विमानतळावर पोचलो. जात्याचे दोन दगड वेगळे केले होते. खालचा दगड गोधडीत गुंडाळून आत्याच्या कडेवर आणि वरचा दगड कापडी पिशवीत माझ्या हातात. "तुजा तू सांबाळ, माजा मी," असं आत्यानं निघतानाच बजावलं होतं. बाकावर शेठ आणि वकीलसाहेब होतेच. शेठनी गोधडीकडे पाहून विचारलं, "नातू का?"

"जातं हाय," आत्या म्हणाली.

शेठनी बाकावर सरकून जात्याला जागा करून दिली.

तेवढ्यात विमान उतरलं आणि मास्तर घाम पुसत आले. "मंडळी, आज ऊन फार आणि आपली धावपट्टी आखूड. विमानाला नेहमीएवढं वजन उचलवणार नाही. सगळ्यांना तोलावं लागेल, माणसांनासुद्धा."

आता त्या विमानतळाचा स्वतःचा काटा कधीचाच बिघडलेला. तेव्हापासून शेठच्या वखारीतला तंबाखूचे बोद, म्हणजे गच्च भरलेली पोती, तोलायचा काटा तिथं कडुनिंबाला टांगलेला होता. एका बाजूला फळी, तिच्यावर माणसानं बसायचं. दुसऱ्या बाजूला वजनं. वकीलसाहेब काळा कोट सावरत झोपाळ्यावर बसल्यासारखे बसले आणि तरंगले. मी बसलो. मग पाळी आली आत्याची.

"मी नाय बसायची," आत्या म्हणाली. "मी काय मिरची हाय?"

"आत्या, सगळेच बसतात."

"बसू देत. सगल्यांदेखत बाईमानसाचा वजन करतात का कुठं? तुज्या आजोबांनी पन नाय केला."

मास्तर हात जोडून म्हणाले, "मावशी, आकडा फक्त मी पाहीन. आणि पाहून विसरीन."

हे तिला पटलं. गोधडी छातीशी धरून ती फळीवर बसली आणि डोळे गच्च मिटून घेतले. मास्तरांनी आकडा पाहिला, आणि तो विसरायला त्यांना जरा वेळ लागलेला दिसला. मग माझ्या पिशवीतला वरचा दगड तोलला गेला. मग शेठ बसले. फळीनं जमिनीवर जे बूड टेकलं ते उठेना. मास्तरांनी होती नव्हती ती सगळी वजनं दुसऱ्या बाजूला टाकली, तरी शेठ जमिनीवरच.

"आणखी काही आहे का?" मास्तर इकडेतिकडे बघू लागले. मग त्यांनी माझा दगड उचलला. त्याचं वजन आत्ताच ठाऊक झालेलं होतं. तो त्यांनी वजनांच्या ढिगावर ठेवला आणि शेठ अलगद वर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी बेरीज केली आणि टाळ्या थांबल्या. वजन फार जास्त होत होतं. वकीलसाहेबांनी कायद्याची जाडजूड पुस्तकं काढून ठेवली. शेठनी आंब्यांची करंडी बाजूला केली. तरी भागेना.

"एक माणूस उतरायला हवा," मास्तर म्हणाले. "पुढचं विमान परवा."

मी घसा साफ केला. "मास्तर, मी इथला नेहमीचा प्रवासी आहे."

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय. नेहमीची माणसं समजून घेतात."

आत्या एकटी मुंबईहून पनवेलीला जायची कशी? तिला ठेवून मी गेलो, तर पहिली मूठ कोण टाकणार? आणि जातं मागं ठेवलं तर आईला तोंड कसं दाखवू? वडील गेल्यापासूनचे सहा महिने आईनं या एका गोष्टीसाठी डोळ्यांतलं पाणी अडवून धरलं होतं, आणि ती गोष्ट मी बढाईपायी त्या काट्यावर आणून ठेवली होती. हे सगळं मी बोललो की आत्या बोलली, ते आता आठवत नाही, पण बाकावर सगळ्यांना कळलं खरं.

शेठ उठले. या विमानतळाला जन्मभर नावं ठेवलेला माणूस. "मी राहतो," ते म्हणाले. "मी एक उतरलो की तुमची आत्या, जातं, वकिलाची पुस्तकं, सगळं बसतंय. आमची मोटार आहे. जाईन सावकाश घाट उतरून."

"शेठ, तुमचं मुंबईचं काम..."

"तंबाखू काय नासते का? पोरीची हळद आहे. चला, निघा आधी."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तोच पायलटनं हाक मारली. धावपट्टीवर म्हैस आली होती. मास्तर तिकडे धावले, वकीलसाहेब पुस्तकांकडे धावले, मी आत्याला धरून विमानाकडे धावलो. शिडीवर आत्यानं विचारलं, "दगड घेतला?"

"घेतला ना," मी म्हणालो. माझी नजर तिच्या गोधडीवर होती.

विमानात आत्यानं गोधडी मांडीवरून खाली ठेवली नाही. विमान हेलकावलं की ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची. बऱ्याच ओव्या झाल्या. उतरायच्या थोडं आधी मी तिला खिडकीतून दाखवलं, "ती बघ, आपली पनवेल." खाली खाडी होती, आणि कडेला मिठागरांचे चौकोन.

"त्यात दादाचा कंचा?" तिनं विचारलं. दादा म्हणजे माझे वडील.

"तो बघ, खाडीच्या वळणावरचा."

"लय बारीक दिसतो रं," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. या एका गोष्टीसाठी मी त्या विमानाचे आजही उपकार मानतो.

पनवेल अशी डोळ्यांखालून गेली आणि आम्ही सांताक्रूझला उतरलो. तिथून पनवेलीला परत यायचं म्हणजे ठाणे, मुंब्रा असा यष्टीचा वळसा. मुंब्र्याला यष्टीचं इंजिन तापलं. पाणी आणायला गेलेला कंडक्टर बराच वेळ परत आला नाही, आणि आला तो वडे खाऊन आला. दिवेलागणीला आम्ही दारात पोचलो तेव्हा मांडव भरला होता. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गाऊन गाऊन दमली होती. शालू पाटावर बसून होती.

आत्यानं गोधडी सोडली. खालचा दगड दिसला. बायकांनी त्याला कुंकू लावलं.

"आन वरचा?" आईनं विचारलं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. आणि मला डोळ्यांसमोर कडुनिंब दिसला, काटा दिसला, आणि वजनांच्या ढिगावर सगळ्यात वर बसलेला आमचा दगड दिसला.

"तो... विमानतळावर आहे," मी म्हणालो.

आई खांबाला टेकून खाली बसली. शालू उठली, आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "जाऊ दे ना, आये. पाट्यावर वाटू." पण तिचाही आवाज कापत होता. सगळ्यांसमोर मला आईनं बदडलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. मांडवाच्या दारातून आधी तंबाखूचा वास आत आला आणि मागोमाग शेठ. धुळीनं पांढरे झालेले, घामानं निथळणारे, आणि दोन्ही हातांत पोटाशी धरलेला आमचा दगड.

"विमान उडालं आणि मास्तर काटा आवरायला गेले," धापा टाकत त्यांनी सांगितलं. "तो दगड सायकलला बांधून बिचारे माझ्या वखारीपर्यंत आले. म्हणाले, शेठ, पोरीची हळद. मी तसाच निघालो. कुठं जेवायलासुद्धा थांबलो नाही."

"पण शेठ, तुम्हाला घर कसं सापडलं?" मी विचारलं.

"सोपं होतं. बाजारात विचारलं, खिशाला विमानाचं तिकीट लावून फिरणारा कोण? ज्याला विचारलं त्यानं याच घराकडे बोट केलं."

मांडव हसला. आईसुद्धा हसली, आणि हसता हसता एकदाची मोकळी रडली. आत्यानं पहिली मूठ टाकली, जातं घरघरलं, धवलारणीला पुन्हा आवाज फुटला. आईनं हळदीचं पहिलं बोट शालूला लावलं आणि दुसरं शेठच्या कपाळाला. "तुमी माज्या घरचे," ती त्यांना म्हणाली. शेठ मांडवात वर बघत राहिले. शेवटी म्हणाले, "इथं पंखा नाही, पण बरं वाटतंय."

पुढच्या खेपेला मी मास्तरांसाठी पनवेलीहून नवं मडकं नेलं. त्या बाकावर मी पुन्हा कधी दोघांनाही मान डोलवली नाही, आणि शेठनी विमानतळाला नावं ठेवली की वाद घालायची जबाबदारी आपणहून घेतली.

त्यानंतर घरात बरीच लग्नं झाली. जातं आता मालाच्या लॉरीतून जातं. खालचा दगड आत्याच्या गोधडीत, वरचा माझ्या मांडीवर, आणि पनवेलीतला पहिला विमानप्रवासी मागं भाताच्या पोत्यांवर. आईनं घालून दिलेला हुकूम आहे की पोचेपर्यंत मांडी हलवायची नाही. वजन मात्र कोणी करत नाही, तेवढी सोय आहे.