काजवाल्या काकूंची मूठ

शिंप्याच्या दुकानात जन्मभर शर्टांना काजं केली, म्हणून सगळे त्यांना काजवाल्या काकू म्हणत. नवरा गेला, लेक लांब नांदायला गेली. घरात बोलायला उरला एक रेडिओ, आणि तो काही कुणाचं ऐकून घेत नाही.

एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला. काकूंनी नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं! "हाड आहे की वाळकी काटकी?" त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत. पुढच्या वेळी खुब्याचं जाईल."

प्लास्टर निघाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना आपल्या संशोधनात घेतलं. म्हाताऱ्या बायकांचं मनगट व्यायामानं किती सुधारतं आणि पुढचं हाड कसं वाचवायचं, हे त्या शोधत होत्या. दर महिन्याला त्या काकूंचा हात हातात घ्यायच्या, एकेक बोट चोळायच्या. "गोळ्या घेता ना? अंधारात चालत नाही ना?" मग मुठीचा जोर मोजायचं काट्याचं यंत्र द्यायच्या. "दाबा काकू, अजून!"

नवरा गेल्यापासून तो हात असा कुणी धरला नव्हता.

एकदा डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, "त्या चष्मेवाल्या आजींची मूठ झकास झाली. आता त्यांना बोलवायचं कारण नाही." झालं! तेव्हापासून त्या हातचं राखून दाबू लागल्या. घरी ओली चादर पिळून कोरडी करणारी बाई, इथे काटा जागचा हलू देईना.

मग एके दिवशी डॉक्टरीणबाई यंत्राकडे बघत खुर्चीत मागे टेकल्या. "काकू, चुकलं माझं. तुमच्या वयाच्या मोजक्याच बायका आहेत माझ्याकडे. तुमचा काटा हलत नाही, म्हणजे या वयाला हा व्यायाम लागू पडत नाही, असंच लिहावं लागणार. मग पुढे कुणी तो देणारही नाही."

काकूंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "आणा इकडे ते."

दात-ओठ खाऊन त्यांनी असं दाबलं, की काटा सरसर वर गेला.

"अगंबाई! हे काय?"

"जोर चोरत होते. इथं यायला मिळावं म्हणून."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. काकूंचे आधीचे सगळे आकडे त्यांनी एकेक करून खोडले. "हे आता धरता येणार नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "हात मात्र बरा आहे तुमचा. जपून राहा."

"म्हणजे आता यायचं नाही?"

"गरज नाही, काकू."

बाहेरच्या बाकावर एक बाई गळ्यातल्या झोळीत हात घेऊन बसली होती. "दुखवतात का हो आत?" तिनं विचारलं.

"छे! दाबा म्हटलं की मुकाट्यानं दाबायचं. सगळा जोर लावून."

बाई आत गेली. काकू तिच्या रिकाम्या जागेवर जरा टेकल्या. घरी कुणी वाट बघत नव्हतं, आणि इथंही आता कुणी नाव पुकारणार नव्हतं.