व्हर्लिनमामानं भंगार म्हटलेली ब्यूक

व्हर्लिनमामा कोठारातल्या मातीवर पाठ टेकून ब्यूक गाडीखाली सरकला. बाहेर नुसते बूट राहिले. आतून त्यानं मला हाक मारली, "रॉक्सी, मोजा दे."

मोजा म्हणजे खरोखरच जुना पायमोजा, आत लोहचुंबक घालून गाठ मारलेला. पत्र्यावरून तो फिरवत जायचं. खाली लोखंड असेल तर चिकटतो. कुणी गंजाचं भोक लांबीच्या लगद्यानं भरून वर रंग मारला असेल, तर मोजा गळून पडतो. इतकं साधं आहे. पण मोजा फिरवायचा कुठं, ते कळायला अर्धं आयुष्य जातं.

मोजा गेला चाकांच्या वरच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या काठावरून, डिकीच्या तळावरून. एकदाही गळला नाही. आमच्या ओहायोत थंडीभर रस्त्यावर मीठ टाकतात. इथली पन्नास वर्षांची गाडी म्हणजे वरून रंग आणि खालून चाळण. आणि ही बया कोठारात बसून कोरडीठाक.

मामा बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड कडू झालेलं. माझा मामा खूश झाला की त्याचं तोंड कडू होतं. मला लगेच कळलं.

दारात लिओटाबाई उभ्या होत्या. अंगात वारलेल्या नवऱ्याचा कोट, गुडघ्यापर्यंत आलेला. म्हणाल्या, "किती वेळ तिथं, व्हर्लिन? मला वाटलं झोप लागली. तिथं मांजर व्यालंय हां, पिल्लं चिरडशील."

"पिल्लंच बघत होतो," मामा म्हणाला. "गाडीत बघण्यासारखं काही नाही."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. सगळं त्या वाक्यापासून सुरू झालं.

आमच्या गावात लोक आजही म्हणतात की व्हर्लिन हाउपनं विधवेला लुबाडायला बघितलं आणि देवानं बरोबर चापट मारली. म्हणणाऱ्यांची तोंडं मला माहीत आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या गाड्या मी चरातून ओढून काढल्यात. मी दहावीतून शाळा सोडली, गाड्या ओढायचा ट्रक चालवते, मला लिहायचं वळण नाही. पण लिओटाबाई गेल्या वसंतात वारल्या, आता हे सांगून कुणाला लागायचं नाही. मामाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाला असता.

तर मामा. आयुष्यभर भट्टीत लोखंड ओतलं, गाड्यांच्या ब्रेकची गोल डबडी केली. हातांवर ठिणग्यांचे डाग, पांढरे. पण आसपासच्या चार गावांत त्याचं नाव भट्टीमुळं नाही. कुणाला जुनी मसल कार घ्यायची असली की मामाला सोबत न्यायचं. मसल कार म्हणजे काय, तर दोन दारं, पुढं ट्रकाएवढं इंजिन, आणि अक्कल कुठंच नाही. माणसं अशा गाडीसाठी बायकोचं ऐकत नाहीत, बँकेचं ऐकत नाहीत, पण मामाचं ऐकायची. तो मोजा फिरवायचा, काचेखालच्या पट्टीवरचा नंबर आणि इंजिनवर ठोकलेला नंबर ताडून बघायचा, म्हणजे जन्मापासूनचं इंजिन आहे की कुणी दुसरं बसवलंय ते कळतं. आणि मग घ्या किंवा निघा, एवढंच बोलायचा. पैसे घ्यायचा नाही. घरी जाताना कुणी जेवू घातलं तर जेवायचा.

विकणाऱ्यांनाही तो चालायचा. कारण तो खोटं बोलत नाही. "व्हर्लिन म्हणाला" म्हटलं की पुढं वाद संपला.

स्वतःकडे मात्र एक गाडी नाही. गॅरेज आहे, त्यात गाडी वर उचलायची लिफ्ट आहे, हत्यारं भिंतीवर ओळीनं. मामी म्हणायची, "गाडीला महाल बांधलाय आणि माझ्या डोक्यावर छप्पर गळतंय." मग मामी फोर्ट वेनला बहिणीकडे गेली ती गेलीच. लिफ्ट तशीच. मी एकदा विचारलं, "मामा, इतक्या गाड्या बघितल्यास, एक घ्यायची होतीस." तर म्हणाला, "मला हवीये ती विकायला नाही."

ती ही. लिओटाबाईंचे वेंडेल लग्नाआधी पहिल्या स्वतंत्र पिकाच्या पैशातून सत्तर सालची ब्यूक नवीकोरी घेऊन आले होते, आणि मामा तेव्हा त्यांच्या शेजारच्या शेतात सोयाबीनमधलं तण उपटत होता. एकोणीस वर्षांचा. धूळ उडवत ती समोरून गेली. मामा सांगतो की आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. वेंडेलना मुलगी झाली आणि गाडी कोठारात गेली. मग आयुष्यभर वेंडेल म्हणायचे, "नीट करणार आहे मी ती, एक दिवस." आमच्याकडे माणूस असं म्हणाला की त्याची गाडी मागायची नसते. ते मागणं म्हणजे तू आता मरणार असं तोंडावर सांगणं. मामानं कधी मागितली नाही. वेंडेल गेले, वर्ष झालं, आणि लिओटाबाईंचा फोन आला: कोठार पाडायचंय, गाडीचं काय करू ते येऊन सांग.

मामानं त्या दिवशी दाढी केली. बँकेत जाऊन जमवलेलं सगळं काढलं आणि आतल्या खिशात घातलं. मला म्हणाला, "ट्रक आण. आज नाही लागणार, पण आण."

आता परत कोठारात. मामानं बॉनेट उघडलं, विजेरी मारली, तोंडातल्या तोंडात नंबर वाचला. पट्टीकडे गेला. परत आला. मला दोन्ही नंबर दिसत होते. एकच. जन्मापासूनचं इंजिन.

बॉनेट त्यानं असं आपटलं की पिल्लं ओरडली.

"खरं सांग मला," लिओटाबाई म्हणाल्या. "वेंडेल म्हणायचा तिची किंमत आहे म्हणून. पण वेंडेल मक्याबद्दलही असंच म्हणायचा."

आता इथली रीत सांगते. आमच्याकडे कुणाला वस्तू हवी असली की तो तिला नावं ठेवतो. लिलावात बघा, ज्याला गाय हवी तोच म्हणतो की लंगडते. विकणाऱ्यालाही माहीत असतं. तो म्हणतो, "लंगडते तर बघतोयस कशाला?" मग दोघं हसतात आणि मधे कुठंतरी भाव ठरतो. कौतुक करून घेतो तो मूर्ख. मामा हे शंभरदा दुसऱ्यांच्या बाजूनं उभं राहून बघत आलेला. स्वतःसाठी पहिल्यांदाच करत होता.

"भंगार आहे, लिओटाबाई," तो म्हणाला. "खालून गेलीय. इंजिन जाम. भंगारवालासुद्धा नाक मुरडेल."

"असं?" बाईंचा चेहरा जरा उतरला.

"पंधराशे देतो. कोठार मोकळं करून देतो, तेवढंच तुमचं काम होईल."

आणि वाट बघत उभा राहिला. आता बाईंनी म्हणायचं होतं, जा रे, पंधराशेत तर नुसतं स्टिअरिंग येत नाही. मग तो वर चढणार होता. कुठवर चढणार होता ते मला त्याच्या खिशाच्या फुगवट्यावरून दिसत होतं. बाई म्हणाल्या असत्या तर सगळंच काढून दिलं असतं त्यानं.

बाई भावात शिरल्याच नाहीत. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, अगदी मायेनं. "तू भला माणूस आहेस, व्हर्लिन," म्हणाल्या. "विचार करते. सोमवारी ये."

ट्रकमध्ये मी म्हटलं, "मामा, खोटं बोललास."

"खोटं नाही. भाव."

"खालून गेलीय म्हणालास. तळ तर आरशासारखा आहे."

"सोमवारी ती म्हणेल तीन हजार, मी म्हणेन दहा. तिला वाटेल व्हर्लिन वेडा झाला. खूश होईल बाई." आणि माझा मामा हसला. दात दिसेपर्यंत. मी त्याला असं हसताना आधी बघितलं नव्हतं. "पोरी, तू इंजिन उचलायला मदत करणारेस. वेल्डिंगची तुझी आताची घाण सवय चालायची नाही."

"तळाला वेल्डिंग लागणारच नाही, भंगार आहे ना ती."

"गप."

शनिवार-रविवार त्यानं लिफ्टला तेल घातलं. मला बोलावून लिफ्ट रिकामीच वर नेली, खाली आणली.

सोमवारी आम्ही गेलो तर कोठाराचं दार सताड उघडं. आत मातीवर चार चाकांचे खळगे आणि मांजर पिल्लांना घेऊन एका पोत्यावर.

लिओटाबाई कॉफीचा थर्मास घेऊन आल्या, हसतमुख. "शनिवारी नेली. तो भंगारच्या यार्डवाला डेल आला होता ना, त्यानं उचलली. तुझी काळजी मिटली."

"माझी काळजी?"

"अरे, मला कळत नाही का? वस्तू भंगार, आणि तू पंधराशे देतोयस. वेंडेल गेला म्हणून. मी त्या दिवशीच लेकीला सांगितलं की व्हर्लिन दान देतोय आणि त्याला वाटतंय मला कळणार नाही. तुझं छप्पर गळतंय हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी नाही घेणार तुझ्याकडून असं."

हे फक्त आमच्याकडंच होतं. दुसरीकडं कुणी म्हणालं असतं की व्हर्लिन लबाडी करतोय. इथं बाईला वाटलं की हा उपकार करतोय, आणि उपकार घेणं म्हणजे आमच्यात मरण. रीत बाईंनाही माहीत होती, त्या लिलावातच वाढल्या. पण रीत बाकीच्यांसाठी. व्हर्लिननं भंगार म्हटलं म्हणजे भंगार.

मामा म्हणाला, "बरं केलंत." टोपीला हात लावला. ट्रकपर्यंत चालत आला. आत बसल्यावर म्हणाला, "चल. जोरात."

मी ट्रक असा कधी चालवला नाही. यार्ड गावाबाहेर, रेल्वे फाटकापलीकडं. डेल त्याच्या ऑफिसच्या पत्र्याच्या डब्यात बसून सँडविच खात होता.

"शनिवारी आणलेली ब्यूक कुठंय?" मी ओरडले.

"सकाळीच मशीनमध्ये घालून दाबली."

"डेल, सत्तरची ब्यूक! तू आंधळा आहेस का?"

"ए, माझ्यावर ओरडू नकोस," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. म्हटलं बघावी एकदा, खालून कोरडी दिसतेय. पण बाई म्हणाल्या व्हर्लिननं बघितलीय, भंगार म्हणाला. मग मी कशाला बघू? मी व्हर्लिनपेक्षा शहाणा आहे का?" मग त्यानं मामाकडे बघितलं. मामाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही, पण डेलनं सँडविच खाली ठेवलं. "व्हर्लिन," तो म्हणाला, "तुला हवी होती की काय?"

ढिगाच्या कडेला ती होती. गादीची वळकटी करतात तशी, पत्र्याची. एका बाजूनं हिरवा रंग दिसत होता. मामानं जाऊन हात लावला. खिशात मोजा होता, तो काही काढला नाही.

परतताना तो एकच वाक्य बोलला. "नुसतं हवीये म्हणालो असतो तर तिनं पंधराशेलाच दिली असती."

मी त्याला त्याच्या दारात सोडलं आणि कामावर गेले.

गावात बातमी डेलनंच पसरवली. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही त्याला. हॉटेलात लोक म्हणायला लागले, बघा, इतकी वर्षं सज्जन, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा? मी एकाच्या पुढ्यातली कॉफी त्याच्या मांडीवर सांडली. मुद्दाम. मामाला कुणीतरी गाडी बघायला बोलावलं तर म्हणाला, दुसऱ्याला विचारा. पुन्हा कधी गेला नाही. लिफ्टवर आता गवत कापायचं मशीन असतं. मी म्हटलं, दुसरी ब्यूक शोधू, इंडियानात एक आहे, मी ओढून आणते, फुकट. तर म्हणाला, "भाव कोण करणार? माझ्यावर माझा विश्वास नाही."

लिओटाबाईंच्या कानावर गावाची बडबड गेली असणार असं मला वाटायचं. चर्चमध्ये त्या मामाशी इतक्या प्रेमानं कशा बोलतात, हे मात्र समजत नव्हतं. मला वाटलं, बाई मोठ्या मनाच्या.

त्या वारल्यावर त्यांची लेक ग्रेटा घर रिकामं करायला आली, जुना फ्रीज न्यायला तिनं मला बोलावलं. दोरी आवळताना मी मामाचं नाव काढलं. ती म्हणाली, गाव काहीही बोलू दे, आईनं कधी ऐकून घेतलं नाही. कारण त्या सोमवारी संध्याकाळी व्हर्लिन एकटाच परत आला होता. आईपाशी बसून कॉफी प्यायला. आणि म्हणाला, मी आत्ताच यार्डात जाऊन आलो, लिओटाबाई, दाबलेली बघितली. आतून चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, कुजून दोन तुकडे झालेला होता. कुणी चालवली असती तर जीव गेला असता. तुम्ही बरं केलंत.